पडद्यामागची केबिन

मेथडिस्ट चर्चच्या हॉलला ओल्या कुत्र्याचा वास येतो. कुत्र्यांना तिथे बंदी आहे.

खरा कोळसा हातोडीने फोडून चहाच्या गाळणीतून काढला, की तो बोटभर इंजिनाला शोभतो. त्यानंतर त्या गाळणीतून चहा गाळायचा नसतो. हे सिरिलला एकदा सांगावं लागलं.

सिरिलची बायको एनिड अजून रविवारी चौघांपुरतं मटण भाजते. घरात माणसं दोन. सोमवार, मंगळवार, बुधवार सँडविच.

आभाळातून हात येत नाही. स्केलबेक स्टेशनात डबा घसरला, उलटा पडला, विहिरीत गेला, तरी लोकांसमोर वरून हात घालून उचलायचा नाही. मांडणी १९५६ सालच्या यॉर्कशरची, आणि तेव्हा तिथे आभाळातून हात येत नसत.

काळं इंजिन. विल्फने ते पितळेचे पत्रे कापून बनवलं. तीन हिवाळे लागले.

आता टेबलावरच्या छोट्या रेल्वेची ही सगळी भानगड ज्या एका डोक्यात सुखाने नांदत होती, ते डोकं सिरिल ओल्डरॉइडचं. निवृत्त भूगोलमास्तर, वय चौऱ्याहत्तर, नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. प्रदर्शनाच्या शनिवारी सकाळी त्याने अंड्याला चमचा मारता मारता बायकोला जाहीर केलं,

"आज बघ तू. दिवसभरात एक गाडी चुकणार नाही. आणि शेवटची गाडी गेली, की विल्फ डिन्सडेल स्वतः पडद्याबाहेर येईल आणि माझा हात हातात घेईल."

"त्याने का यायचं? चूक तुझी आहे."

"चूक कुणाचीही असो. पहिल्यांदा कुणीतरी यायलाच हवं ना?"

"मग तू जा."

"मी गाड्या चालवत असेन," सिरिल म्हणाला आणि अंड्यात शिरला.

चूक त्याचीच होती. गेल्या नाताळात, मॉडेल रेल्वे क्लबच्या जेवणात, सगळ्यांच्या देखत तो विल्फला म्हणाला होता, "इंजिन सुरेख आहे रे, पण या जातीचं इंजिन आपल्या स्केलबेकच्या फाट्यावर कधी आलंच नाही. तीन हिवाळे फुकट गेले तुझे." विल्फने चमचा खाली ठेवला, टोपी घेतली आणि पुडिंग न खाता निघून गेला. ईस्टरच्या सुमारास सिरिलने कुणाच्या तरी घरी एक जुनी फिल्म पाहिली. तिच्यात तेच इंजिन, त्याच फाट्यावर, भरदिवसा धूर सोडत उभं होतं. ही गोष्ट त्याने एनिडला सांगितली. विल्फला सांगायची राहून गेली. चाळीस वर्षांची दोस्ती त्या राहून गेलेल्या वाक्यावर अडकून पडली होती.

एक ठोका

अर्थ: ऐकतो आहेस का? उत्तरही तेच, एक ठोका.

मांडणी अशी: लांबलचक टेबलावर स्केलबेक स्टेशन, त्याच्यासमोर सिरिलची केबिन, म्हणजे खुर्ची, खटके आणि पितळी घंटा. रूळ डावीकडून काळ्या पडद्यात शिरतात आणि उजवीकडून बाहेर येतात. पडद्यामागे दुसरी केबिन, विल्फची. स्केलबेक सोडून उरलेलं सगळं जग त्या पडद्यामागे.

दोघांनी एकमेकांशी बोलायचं नाही, फक्त घंटा वाजवायची. हा नियम सिरिलचाच. खऱ्या केबिनी दोन-दोन मैलांवर असायच्या, आणि दोन मैलांवरून कुणी "अरे विल्फ, सोड रे" असं ओरडत नाही. भांडणासाठी याहून सोयीचा नियम जगात नसेल. वर्षभर दोघे दर गुरुवारी मिळून गाड्या चालवत होते आणि एकमेकांचं तोंड पाहत नव्हते. विल्फ आधी येऊन पडद्यामागे बसायचा, सिरिल आधी निघून जायचा.

"सिरिल, राजा, विल्फ आला का रे?" ब्रेंडाने चहाच्या टेबलावरून विचारलं. ब्रेंडा क्लबची सेक्रेटरी. ती सगळ्यांनाच राजा म्हणते, बिशपलासुद्धा म्हणाली होती.

"आला असेल."

"असेल म्हणजे? बघ ना."

सिरिल बघायला गेला नाही. त्याने घंटेचा खटका एकदा दाबला.

काही नाही. बाहेर पाऊस. हॉलमध्ये ओल्या कुत्र्याचा वास जरा वाढल्यासारखा वाटला.

टण्.

नेहमीपेक्षा किंचित उशिरा, किंचित हळू. खरोखरच दोन मैलांवरून आल्यासारखी.

"आला," सिरिल म्हणाला.

तीन, मग एक

अर्थ: सगळ्या स्टेशनांवर थांबणारी गाडी पाठवू का?

पहिली गाडी दोन डब्यांची. गेली, पडद्याआडून फिरून परत आली. सिरिलने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला आणि नाकावरचा कपाळावर.

"ब्रेंडा, दिवा बघितलास?"

"कुठला?"

"शेवटच्या डब्याचा. जाताना नव्हता. आता लाल दिवा आहे."

"मग वाईट झालं का?"

"छे. फार बरोबर झालं."

दिवा मोहरीएवढा. खऱ्या रेल्वेत तो नसेल तर गाडी अडवतात. टेबलावरच्या रेल्वेत तो लावायची चिकाटी कुणालाच नसते. सिरिलला वाटलं, हा विल्फचा टोमणा. माझं इंजिन चूक काय? घे मग, दिवा घे.

पुढची गाडी परत आली तेव्हा इंजिनामागचा कोळसा निम्मा झाला होता. तो कोळसा सिरिलने स्वतः काठोकाठ भरला होता आणि वर डिंक ओतला होता. चिकटवलेला कोळसा संपला होता.

"खरवडला असणार," सिरिल पुटपुटला. "दहा मिनिटांत. काय माणूस आहे."

मग मालगाडी. तिच्या ताडपत्र्यांवर थेंब होते. पुढे झुकलं तरच दिसावेत इतके बारीक. वाघिणींखालून रुळांवर पाणी ठिबकत होतं.

"बघ हं," रेनकोट घातलेली एक म्हातारी नवऱ्याला म्हणाली, "पाऊससुद्धा दिलाय यांनी."

"आणि थंडीसुद्धा," नवरा म्हणाला. "पडद्यापाशी उभी राहून बघ. घोट्यांना झोंबतंय."

गर्दी जमू लागली. शेजारच्या टेबलावर डिझेल इंजिनं पळवणारे लोकही आपलं सोडून इकडे आले. सिरिलला राहवेना. त्यानेही लांब तारेच्या आकड्याने दिवे लावायला घेतले. दोन लावले. तिसरा लावताना त्याला शिंक आली आणि लाल दिवा चहाच्या कपात पडला. नियम हाताचा होता, चहाचा नव्हता. तो कप त्याने पिऊन टाकला, पण दिवा काही सापडला नाही.

दुपारी एनिड सँडविच घेऊन आली. दोन डब्यांची गाडी नुकतीच परतली होती.

"या डब्यांत माणसं होती ना रे? मीच रंगवली होती. जांभळी टोपी, पाद्री, सगळी."

"आहेत की."

"एक आहे. बाकीच्या जागा रिकाम्या आहेत. आणि हा मी रंगवलेला नाही."

सिरिलने भिंग लावलं. खिडकीत एक जण बसला होता. कोट काळा, तोंड फिकट. डब्यातली माणसं समोर बघतात, कारण ती तशीच चिकटवलेली असतात. हा काचेबाहेर बघत होता.

"विल्फनेच बसवला असणार."

"विल्फला एवढे बारीक डोळे रंगवता येतात? त्याला साधी सुई ओवता येत नाही. जॉइस ओवून देते."

जॉइस म्हणजे विल्फची बायको. वर्षभरात हे नाव घरात कुणी उच्चारलं नव्हतं.  गाडी सुटली. खिडकीतलं तोंड पडद्यात शिरेपर्यंत त्यांच्याकडेच होतं.

चार ठोके

अर्थ: एक्स्प्रेस.

स्केलबेकच्या फाट्यावर एक्स्प्रेस कधी धावली नाही, वेळापत्रकात नव्हती, क्लबच्या पेटीत तिचे डबे नव्हते. पण घंटा वाजली चारदा, आणि सिरिलच्या हाताला चाळीस वर्षांचं वळण. त्याने रस्ता मोकळा दिला, सिग्नल पाडले, आणि मग त्याला कळलं आपण काय केलं ते.

पडद्याची कड हलली. आधी वाफेचा वास आला. मग पुढे आलं काळं इंजिन, विल्फचं, तीन हिवाळ्यांचं, आणि त्याच्यामागे डबे. खिडक्यांचे पडदे ओढलेले. गाडी न थांबता स्केलबेकमधून निघाली. इंजिन डावीकडे पडद्यात गेलं आणि उजवीकडून डबे येतच राहिले. टेबलाच्या लांबीपेक्षा गाडी लांब होती. पडद्यामागची जागा धरली तरी लांब होती. कुणी डबे मोजायला घेतले आणि मध्येच सोडून दिले. रेनकोटवाल्या म्हातारीने नवऱ्याचा हात धरला. शेवटी लाल दिवा दिसला, हळूहळू लहान होत पडद्यात गेला, आणि सगळ्या हॉलने टाळ्या वाजवल्या, जरा घाईघाईने, घरात एकटा माणूस रेडिओ लावतो तशा.

सिरिल टाळ्या वाजवत नव्हता. त्याच्या मनात एकच गोष्ट घोळत होती. एवढे डबे. वर्षभर कुणाशी न बोलता, रविवारी कुणाकडे जेवायला न जाता, हा माणूस एकटा बसून एवढे डबे करत राहिला. आणि पुढे लावलं काय, तर तेच इंजिन.

"एनिड," तो म्हणाला, "मी सांगून टाकतो."

"जा मग. पडदा तिथेच आहे."

"वाजवून सांगतो."

"सिरिल, चार पावलं आहेत."

"दोन मैल आहेत," सिरिल म्हणाला.

पाच, मग तीन

घंटेच्या भाषेत 'माफ कर' नाही. रेल्वेला त्याची गरज पडली नसावी. सगळ्यात जवळचा इशारा हा: मघाच्या गाडीचं वर्णन मी चुकीचं दिलं होतं.

सिरिलने बोट पँटला पुसलं आणि वाजवलं. पाच. थांबला. तीन.

पाऊस थांबला होता, त्यामुळे शांतता जास्तच झाली. ब्रेंडाने चहाचा नळ बंद केला. तिलाही घंटा कळत होती.

मग पडद्यामागून उत्तर आलं. पाच. बराच वेळ काही नाही. तीन.

नियमाप्रमाणे उत्तर म्हणजे तोच इशारा परत वाजवणं. पण सिरिलने ते नियमाप्रमाणे घेतलं नाही. माझंही चुकलं, असं त्याने ते घेतलं आणि दोन्ही चष्मे काढून पुसले.

टण्, घंटा म्हणाली. ऐकतो आहेस का?

टण्, सिरिलने उत्तर दिलं.

टण्.

टण्.

टण्. प्रत्येक वेळी थोडी जवळून. आधी दोन मैल, मग मैल, मग पलीकडच्या गल्लीतून. पितळ थरथरत होतं आणि सिरिलचं बोट आपोआप उत्तरं देत होतं.

"बास कर आता," एनिड म्हणाली.

"मी सुरू केलेलं नाही."

सात, पाच, पाच

अर्थ: केबिन बंद.

हे वाजलं आणि घंटा गप्प झाली. सिरिल उठला. चार पावलं चालला आणि पडदा बाजूला केला.

सगळ्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, ओल्या. त्यांत लांब गाडी नव्हती. विल्फची खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली होती आणि तिच्यावर गेल्या गुरुवारपासूनची धूळ होती.

त्याच वेळी हॉलचं दार उघडलं. विल्फ डिन्सडेल आत आला. टोपीतून पाणी गळत होतं आणि काखेत टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"सकाळपासून माळावर उभा आहे," तो ब्रेंडाला म्हणाला. "मोटार बंद. फोनला रेंज नाही. एक मेंढपाळ भेटला, त्याने ट्रॅक्टरवरून आणलं. मेंढ्यांच्या बाजूला बसून आलो. प्रदर्शन रद्द केलंत ना?"

 विल्फने टॉवेल उलगडून काळं इंजिन ब्रेंडाच्या टेबलावर ठेवलं. ते कोरडं होतं.

"मग आत कोण होतं?" सिरिलने विचारलं. वर्षभरात विल्फला उद्देशून तोंडाने काढलेले हे त्याचे पहिले शब्द.

"मला वाटलं, तुम्ही दोघंच गाड्या चालवताय," ब्रेंडा म्हणाली. मग तिने आवाज सावरला. "केल्डविक क्लबचा कुणीतरी असणार. त्यांना दुसऱ्याच्या मांडणीत घुसायची खोडच आहे. मागच्या दाराने आला, मागच्या दाराने गेला. चहा घे विल्फ, राजा."

हे सगळ्यांना लगेच पटलं. इतक्या लगेच, की कुणी मागच्या दाराकडे पाहिलं नाही.

सिरिलची अडचण वेगळीच होती.

"विल्फ, मी तुझी माफी मागितली."

"केव्हा?"

"मघाशी."

"मी नव्हतो."

"ते आता कळलं."

"काय वाजवलंस?"

"पाच-तीन."

विल्फच्या हातातला कप थांबला. "पाच-तीन? एवढ्या लोकांसमोर?"

"हो."

"वर्षभर मी त्या पडद्यामागे पाच-तीनची वाट बघत बसलो. आणि नेमका मी नसताना वाजवलंस?"

"परत वाजवतो. आत जाऊन बस."

विल्फने पडद्याकडे पाहिलं. त्याची कड अजून हलत होती.

"मी आत बसणार नाही," तो म्हणाला. "तोंडाने सांग."

सिरिलने आधी एक चष्मा बदलला, मग दुसरा. एनिडकडे पाहिलं. तिने मदत केली नाही.

"ते इंजिन फाट्यावर यायचं. मी फिल्ममध्ये पाहिलं. मी चुकलो."

"मला माहीत होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोलायचं नाही, हा तुझाच नियम," विल्फ म्हणाला आणि चहाचा घोट घेतला. मग त्याने तोंडातून मोहरीएवढं लाल काहीतरी काढून बशीत ठेवलं. सिरिलने आपला दिवा ओळखला.

दोघांनी मिळून मांडणी आवरली. कोण आधी जायचं यावरून दाराशी थोडी ढकलाढकली झाली आणि शेवटी दोघे एकदमच बाहेर पडले.

दोन केबिनींना जोडणारी घंटेची तार, एकुलती एक, त्या दिवशी सकाळपासून विल्फच्या मोटारीच्या डिकीत होती.