शब्दांना शून्य

स्टेजवर गायकानं तोंड उघडलं रे उघडलं, की नंदू त्याचा माईक बारीक करतो. चुकून नाही, तत्त्व म्हणून. पोरगा बिचारा डोळे मिटून, गळ्याच्या शिरा ताणून काळीज काढून दाखवत असतो आणि लोकांपर्यंत पोचतो तो फक्त ड्रम आणि बेस गिटार. कार्यक्रम संपल्यावर पोरगा रडकुंडीला येऊन म्हणतो, "नंदूकाका, माझे शब्द कुणालाच कळले नाहीत." नंदू वायर गुंडाळता गुंडाळता म्हणतो, "वाचलास. घरी जाऊन देवाला नारळ फोड."

नंदू आमच्या वेसाव्याचा. धंद्यानं साऊंडवाला. माईक, स्पीकर, मिक्सर भाड्यानं देतो आणि लग्नातल्या हळदीचा सीझन आला की बँजो पार्टीत ड्रम वाजवतो. अंधेरीत कुठल्याही कॅफेत किंवा गच्चीवर पोरांचा रॉक बँड वाजणार असला, तर मिक्सरमागे पोट सावरत उभा असलेला माणूस तोच. मी जाहिराती लिहितो. साबण, लोणचं, डोकेदुखीच्या गोळ्या. म्हणजे माझं घर शब्दांवर चालतं, आणि माझा सगळ्यात जुना मित्र जगातला सगळ्यात मोठा शब्दद्वेष्टा आहे. माझं नशीबच थोर.

कॉलेजात आमचा बँड होता. शब्द माझे, ड्रम त्याचे. तो बँड फुटला. नंदूच्या मते माझ्या शब्दांमुळे, माझ्या मते नंदूमुळे. बेसवाल्याच्या मते त्याचं लग्न ठरलं म्हणून, पण बेसवाल्याला कोण विचारतो.

"शब्द म्हणजे खोका रे," नंदू म्हणतो. "टीव्ही आणलास तर टीव्ही बघशील, की खोक्यावर काय छापलंय ते वाचत बसशील?"

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की मला झोपेत विचारलंत तरी म्हणून दाखवीन. त्यानंतर त्याचा हुकमी पुरावा येतो. "हळदीला ये एकदा. बँजो वाजतो, त्यात एक तरी शब्द असतो काय? आख्खी आळी नाचते. गुडघ्याचं ऑपरेशन झालेली म्हातारीपण नाचते. तुझी कविता वाचून आजवर कोण नाचलंय, नाव सांग!"

कुणी नाचलं नव्हतं, हे मला कबूल करावं लागतं. पण मी म्हणतो, "अरे शहाण्या, ती धून वाजते तेव्हा गाण्याचे शब्द लोकांच्या मनात वाजत असतात. ठेका काय, पंखा बिघडला तरी देतो. वर्षानुवर्षं आंघोळ करताना माणूस गुणगुणतो ती ओळ!"

"आणि ओळ विसरलास की काय करतोस? ना ना ना. झालं तर मग!"

त्याच्याकडे आणखी एक अस्त्र आहे. ज्या परदेशी रॉक बँडांवर आम्ही कॉलेजात जीव ओवाळून टाकला, त्यांची निम्मी गाणी आम्हाला ओ की ठो कळत नव्हती. सोबत गाताना आम्ही इंग्रजीसारखं काहीतरी करायचो. नंदूनं हा मुद्दा काढला की मी चहा मागवतो.

मध्यंतरी एका कॉलेजनं रॉक स्पर्धेला आम्हा दोघांना परीक्षक म्हणून बोलावलं. एक बँड अंतराळात हरवलेल्या कुत्र्यावर गायला. दुसरा नुसता ओरडला. तिसऱ्या बँडच्या मुलीनं मात्र भाड्याच्या खोल्या बदलून कंटाळलेल्या माणसावर असं काही लिहिलं होतं की मी ते गुणपत्रिकेच्या मागे उतरवून घेतलं. मी शब्दांना भरभरून मार्क दिले. नंदूनं शब्दांच्या रकान्यात सगळ्यांना शून्य दिलं. आयोजक पोरगा चाचरत म्हणाला, "सर, सगळ्यांनाच शून्य?" नंदू म्हणाला, "मग सगळ्यांना पैकीच्या पैकी दे. मला काय फरक पडतो?" शेवटी जिंकला कोण, तर तो अंतराळातला कुत्रा. ड्रमर तयारीचा होता म्हणे.

नंदूशी वाद घालणं म्हणजे वाद बघणं. तो तुम्हाला बोलूच देत नाही. "कसा आहेस? बरा दिसतोस. वहिनी मजेत ना? झकास!" असा प्रश्न, उत्तर, समारोप सगळं स्वतःच उरकतो. फोन कधी उचलत नाही, मेसेज टाक म्हणतो. त्याची बायको कल्पना कायम करवादते, "हा माणूस माझं एक अक्षर ऐकत नाही!" पण नवऱ्याबद्दल असं न म्हणणारी बायको मी तरी पाहिलेली नाही. त्यामुळे तिच्या तक्रारीला कुणी भीक घातली नाही. मीही नाही.

त्याची मुलगी मुक्ता कॉलेजात आहे आणि गिटार वाजवते. परवा ती माझ्याकडे आली, मोबाईल पुढे केला आणि म्हणाली, "काका, माझं पहिलं गाणं आहे. बाबावर लिहिलंय. शनिवारी कॅफेत गाणार आहोत. बघा ना, बरंय का?"

मी वाचलं.

"तुझ्या बोलण्याला भरती, ओहोटी कधी?
किनाऱ्यावर उभी मी, माझी वेळ कधी?
एक वाक्य अडलंय माझं लहानपणापासून,
थांबलास तर सांगीन, घाई नाही तशी."

साबणाची जाहिरात लिहिणाऱ्या माणसानं अशा वेळी काय बोलायचं? मी चष्मा पुसला.

"बाबाला कळेल ना?" तिनं विचारलं. "तो शब्दांना काही मानत नाही. पण माझं आहे म्हणून तरी ऐकेल ना?"

"ऐकेल गं. न ऐकून सांगतो कुणाला," मी म्हणालो. माझं काय जात होतं आश्वासन द्यायला?

शनिवारी संध्याकाळी कॅफे भरलं होतं. मिक्सरमागे अर्थातच नंदू. त्या दिवशी मात्र त्यानं गायिकेचा माईक बारीक केला नाही. उलट वाढवला, मग आणखी वाढवला, इतका की स्पीकर शिट्टी मारायला लागला. मुक्ता सगळं गाणं बापाकडे बघून गायली. शेवटच्या ओळीला तिचा आवाज कापला. मागच्या टेबलावरची एक बाई सरळ रडली. टाळ्या पडल्या. मुक्ता स्टेजवरून उतरून थेट बापासमोर जाऊन उभी राहिली.

नंदू म्हणाला, "ड्रमरला सांग, दुसऱ्या कडव्यात पळतोय, ठेका आवर. बाकी झकास! वायर उचल ती, कुणी अडखळून पडेल."

मुक्तानं वायर उचलली आणि बाहेर निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कल्पनाचा मला फोन. पोरगी बापाशी बोलत नाहीये, जेवायला एकत्र बसली नाही आणि मैत्रिणीबरोबर बोरिवलीला राहायला जाते म्हणतेय. माझं डोकंच फिरलं. माणसानं विक्षिप्त असावं, पण पोरीच्या काळजावर पाय देऊन उभं राहावं? मी तडक त्याच्या दुकानात गेलो.

तो माझ्याकडे पाठ करून एका स्पीकरमध्ये डोकं घालून बसला होता. मी दारातूनच तोफ डागली. "नंद्या, लाज वाटते का रे तुला? पोरगी तुझ्यासाठी जीव तोडून गायली आणि तू ड्रमर पळतोय म्हणतोस? अरे माणूस आहेस की कोण? खोका तू आहेस, खोका! आत काही नाही!"

नंदूनं मान वळवली नाही. उलट शीळ घालत स्क्रू पिळत राहिला. मी आणखी भडकलो, त्याच्या खानदानापर्यंत गेलो. शीळ चालूच. शेवटी मी पुढे होऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवला, तर तो केवढ्यानं दचकला!

"अरे, तू कधी आलास? बस ना. चहा सांगतो. वहिनी मजेत?"

मी तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं माझा चेहरा बघितला आणि आयुष्यात पहिल्यांदा वाक्य अर्धवट सोडलं.

"काही बोलत होतास काय रे मघाशी?" त्यानं विचारलं.

मी होकाराची मान हलवली. तो खुर्चीत बसला.

"ड्रम कळतो," तो म्हणाला. "बेस छातीत कळतो. माणसाचा आवाजपण येतो, पण नुसता गोळा. शब्द सुटे होत नाहीत. समोर बसून तोंडाकडे बघितलं तर जमतं थोडंफार. पाठीमागून, गर्दीत, फोनवर... वाट लागते."

"कधीपासून?"

"झाली वर्षं. आयुष्यभर स्पीकरला टेकून उभा राहिलो, दुसरं काय होणार? कॉलेजात मी तुला चिडवायला बोलायचो रे. नंतर ते कामाला आलं. शब्दांना किंमत नाही म्हटलं की शब्दांबद्दल कोण विचारतं? आणि आपणच बोलत राहिलं की ऐकायची वेळ येत नाही." त्यानं खण उघडला. आत कानाचं मशीन होतं, कोरं करकरीत. "हे लावलं की झांज म्हणजे पातेलं पडल्यासारखी वाटते. आणि बहिऱ्या साऊंडवाल्याला काम कोण देणार? तू देशील?"

मी हो म्हणालो नाही. खोटं बोलायची ती वेळ नव्हती.

"काल माईक वाढवत होतो, वाढवत होतो," तो म्हणाला. "माझ्याकडे बघून गात होती ना ती? पण तिचं तोंड माईकच्या आड. ओठच दिसेनात."

मी मोबाईल काढला. "पाठवतो तुला शब्द. वाच."

"नको!" तो ओरडला. "तिनं मला वाचायला नाही दिलं. ऐकायला दिलंय."

"मग तिला सांग, गाढवा!"

"सांगितलं की ती माझ्याशी सांभाळून बोलायला लागेल. म्हाताऱ्याशी बोलतात तसं."

मी खुर्ची ओढून त्याच्या नाकासमोर बसलो आणि एकेक शब्द सुटा करून म्हणालो, "ती तुझ्याशी बोलायचीच बंद झालीय. बोरिवलीला चाललीय."

हे त्याला पहिल्या खेपेला समजलं. त्यानं मशीन खिशात टाकलं आणि दुकानाला कुलूपही न लावता निघाला. कुलूप मी लावलं आणि मागून धावलो.

घरी मुक्ता बॅग भरत होती. तिनं वर बघितलं नाही. नंदू दारातच उभा राहून मोठ्यानं म्हणाला, "मुक्ता, मला शब्द ऐकू येत नाहीत. तुझेच नाही, कुणाचेच."

कल्पना स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि नंदूच्या समोर येऊन उभी राहिली. "आणि मी रोज भांडते तुझ्याशी," ती म्हणाली. "मला वाटायचं, मुद्दाम करतोस."

मुक्तानं भिंतीशी ठेवलेली गिटार उचलली, पुन्हा खाली ठेवली, स्टूल ओढलं आणि त्याच्यासमोर गुडघ्याला गुडघा लावून बसली. नंदूनं मशीन कानात बसवलं. तिनं गाणं गायलं नाही, नुसतं बोलली. हळूहळू, तोंड नीट उघडून. ठेका नाही, चाल नाही. नंदू तिच्या ओठांवरून डोळे हलवत नव्हता. गालावरून पाणी ओघळत होतं, ते पुसायचं भानही त्याला नव्हतं. गाणं संपलं.

नंदू पुढे वाकला.

"कुठलं वाक्य गं?" त्यानं विचारलं. "लहानपणापासून अडलेलं. कुठलं?"

मुक्तानं त्याचे दोन्ही हात धरले. मी हळूच चपला घातल्या आणि बाहेरून दार लोटून घेतलं.