अस्वल आजोबांचा पंजा आणि काजळीचं रक्त

एका जंगलात कडक दारूबंदी होती आणि मोहाची साडेतीनशे झाडं होती. हे एकत्र कसं, असं विचारू नका, बाळांनो. मोठ्यांनी ठरवलं होतं. मोठे ठरवतात तेव्हा लहानांनी मान हलवायची असते, डोकं चालवायचं नसतं.

जंगलाच्या मधून नदी वाहायची. ती ओलांडायला परवाना लागायचा. परवाना म्हणजे शिंगाला बांधलेली हिरवी वेल. काजळी नावाच्या रानम्हशीकडे तो होता. पाठीवर प्रवासी घेऊन ती पलीकडे जायची. पलीकडच्या कुरणात तिचं रेडकू असायचं. प्रवासी उतरवायचा, रेडकाला पाजायचं, परत यायचं. वेल गेली तर नदी बंद. नदी बंद तर रेडकू उपाशी. एवढंच लक्षात ठेवा. बाकी सगळं कायद्याचं आहे.

एका दुपारी काजळी कासवकाकांना पाठीवर घेऊन निघाली. नदीच्या वाटेवर अगदी मधोमध अस्वल आजोबा आडवे झाले होते. आजोबा म्हणजे जंगलाचे न्यायमूर्ती. सकाळपासून मोहाची फुलं हादडून घोरत होते. त्यांना कुणी दारुडा म्हणायचं नाही. 'हल्ली प्रकृती बरी नसते' असं म्हणायचं.

काजळीनं त्यांना तुडवलं नाही. शहाण्यासारखी वळसा घालून निघाली.

तेवढ्यात झुडपातून कोतवाल तरस बाहेर आला.

"थांब गं ए! वाकडी चाललीस. प्यायलीस?"

"कोतवालसाहेब, आजोबा पडलेत वाटेत. दिसत नाहीत का?"

"उलट मला विचारतेस? म्हणजे नक्कीच प्यायलीस. रक्त काढावं लागेल."

"नाही देणार. आधी वॉरंट दाखवा."

वॉरंट मागतात हे तरसानं नुसतं ऐकलं होतं. वॉरंट म्हणजे न्यायमूर्तींच्या पंजाचा ठसा असलेलं पान. त्यानं पळसाचं पान तोडलं. आजोबांचा पंजा उचलला, चिखलात बुडवला आणि पानावर दाबला. आजोबांचं घोरणं सुद्धा अडखळलं नाही.

"हे घे. ओलं आहे, पुसू नकोस."

आता जळू हवी. जळूनं रक्त प्यायचं, आणि जळू झिंगली तर जनावर प्यायलेलं, अशी तिथली तपासणी होती. तरसानं इकडेतिकडे पाहिलं. आजोबांच्याच मानेवर एक टम्म फुगलेली जळू होती. ती ओढून त्यानं काजळीच्या पायाला चिकटवली.

"अहो, ती आजोबांचं रक्त पिऊन आलीय!"

"शास्त्रातलं तुला काय कळतं? पाठशाळा अर्धवट सोडलीस ना?"

जळू खाली पडली. दोनदा गोल फिरली. मग एका दगडाला मिठी मारून हुंदके द्यायला लागली.

"नशा सिद्ध," तरस म्हणाला आणि त्यानं काजळीच्या शिंगावरची वेल तोडली.

पलीकडून रेडकू हंबरलं.

काजळीनं शिंगानं ढोसून आजोबांना उठवलं आणि तिथल्या तिथे दावा लावला. माझं रक्त बेकायदा काढलं, माझी वेल परत द्या.

आजोबांनी जांभई दिली. "साक्षीदार?"

कासवकाका पाठीवरूनच बोलले, "मी त्या वेळी डोकं आत घेतलं होतं. या वयात घ्यावं लागतं."

काजळीनं पान पुढे केलं. "हा पंजा तुमचाच ना, आजोबा?"

"माझाच. वा! छान उमटलाय."

"उमटला तेव्हा तुम्ही जागे होतात?"

"जीभ आवर, पोरी! न्याय कधी झोपत नसतो. तो फक्त डोळे मिटतो."

मग आजोबांनी निवाडा दिला. "झोपलेल्या न्यायमूर्तींचा पंजा दाबून म्हशीला उष्टी जळू लावणं चूक आहे, असं या जंगलात आजवर कुणी ठरवलेलं नाही. मग बिचाऱ्या कोतवालाला कळणार कसं? दावा फेटाळला. वेल महिनाभर जप्त."

"मग आज ठरवा की. पुढच्या वेळी कळेल त्याला."

"दावाच फेटाळला, आता ठरवायचं कशाला? आणि सगळ्यांनी ऐका रे! आजपासून वाटेत जो वळेल तो प्यायलेला."

सगळ्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांची प्रकृती पुन्हा बिघडली आणि ते वाटेत आडवे झाले. पहिलं आलं साळिंदर. ते सरळ गेलं.

"आई गं! अरे मेल्या, वळ की!"

"वळलं की जळू लावतात, आजोबा. माफ करा हं."

मागून रानडुकरीण आली, सात पिल्लांसह. तिनं पिल्लांना बजावलं, "सरळ चालायचं. कायदा आहे." तिच्या मागून गवा आला. गवा तसा सज्जन. पण वजनाला काय करणार?

"कोतवाल! पकड या सगळ्यांना!"

तरसानं कान खाजवला. "साहेब, न्यायमूर्तींना तुडवणं चूक आहे असं या जंगलात आजवर कुणी ठरवलेलं नाही. बिचाऱ्यांना कळणार कसं?"

आजोबांच्या तीन बरगड्या गेल्या. वैद्य नदीपलीकडे राहायचा. तिकडे नेणारी एकच होती. आजोबा सरपटत काठावर आले. काजळी कालपासून तिथेच उभी होती. दुधानं तिचे सड ठणकत होते.

"पोरी, दया म्हणून वेल परत देतो. चल, मला पलीकडे ने."

"दया नको. चूक झाली म्हणा."

"वेडी आहेस का? एकदा चूक म्हटली की पुढच्या वेळी सगळ्यांना कळेल ना!"

पलीकडून रेडकू हंबरलं. आवाज कालच्यापेक्षा बारीक होता. काजळीनं शिंग पुढे केलं. आजोबांनी कण्हत कण्हत वेल बांधली आणि पाठीवर चढायला पाय उचलला. तोवर काजळी पाण्यात शिरली होती.

"अगं, मी राहिलो!"

"थांबा तिथंच. आधी रेडकू."

तात्पर्य: बाळांनो, मोठ्यांनी केलेला कायदा अक्षरशः पाळावा. त्यांना दुसऱ्या कशानंच एवढं दुखत नाही.