हौसाची पलटण

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काय केलं म्हणाल, तर एका किल्ल्यावरनं भांडलो. किल्ला कंप्युटरमधला. वेढा घालून बसलेली पलटण माझी, पण माऊस हौसाच्या हातात.

"आवं, पेरणी आली. मान्सं घरी धाडायची."

"अगं, किल्ला आता पडतोय! असा वेढा उठवत्यात व्हय कुनी?"

"किल्ला कुटं पळून चाललाय? पेरणी पळती." मग पदरानं तोंड पुसून म्हणाली, "जरा आडवी हुते. उठल्यावर बगू. तवर पलटण हलवू नगा."

ती उठलीच नाही. पलटण तशीच किल्ल्याखाली उभी राहिली.

हौसा माझी बायको. मी चौथी शिकलेला, पलटणीतला हवालदार, तेव्हा सरळच सांगतो. असं हट्टी माणूस मी फौजेतसुद्धा बघितलं नाही.

आमची सून वैशाली सांगलीत एका ऑफिसात गेम बनवते. हा गेम सातवाहनांच्या काळचा. गावं वसवायची, धान्य साठवायचं, सैन्य धाडायचं, राज्य वाढवायचं. बाजारात यायच्या आधी चुका काढायला म्हणून तिनं आम्हाला घरी खेळायला बसवलं. लढाईच्या चुका मी काढायच्या. हौसा नुसती सोबतीला. दोन दिवसांत राज्य तिच्या ताब्यात.

हत्ती फुकट मिळाला तरी घेईना. "ह्याला वैरण तुमी आननार?" सरहद्दीवर शत्रू दिसला की मी ओरडायचो आणि ही शांतपणे विचारायची, "ह्यांच्या घरी कोन हाय?"

"शत्रूच्या घरी कोन हाय ते इचारून भाला मारत्यात व्हय?"

"इचारलं तर मारायचा ऱ्हातोय," ती म्हणायची.

शेजारचा राजा दगाबाज म्हणूनच बनवलेला. त्याच्याकडं दुष्काळ पडला तर हिनं जोंधळा धाडला. त्याला कुणी दाणे देईल हे ऑफिसात कुणाला सुचलंच नव्हतं. राजा जागच्या जागी गोठला. हलेना, बोलेना. वैशालीला गेम बंद करून परत चालू करावा लागला.

"बगा, लाजला," हौसा म्हणाली.

सैन्य निघालं की गावाचं पीक निम्मं व्हायचं. "का गं?" हिनं विचारलं.

"आत्या, पुरुष लढायला गेले ना."

"मग बाया काय झोपल्यात?"

वैशालीनं पीक पूर्ण केलं. लगेच दुसरी तक्रार, "एवढं राबून बाया ताज्या कशा? थकव की जरा."

आणि एक दिवस म्हणाली, "पलटण गेली की वाटंवर एक बाई उभी कर."

"ती काय करेल, आत्या?"

"समदं करूनच उभी हाय ती."

वैशालीनं हसत हसत बाई काढली. एक हात कमरेवर, एक डोळ्यांवर.

हौसा गेली तसं मी कंप्युटरवर फडकं टाकलं. परवा संध्याकाळी वैशाली ऑफिसातनं आली, चहाला हात लावला नाही.

"मामा, साहेब म्हणतात ती बाई गेममधनं काढून टाका. तिच्यानं पीक वाढत नाही, लढाई जिंकत नाही. उद्या काय ते सांगायचंय."

"मग तू काय म्हनालीस?"

"मी काय म्हणू? माझाच नवरा सीमेवर. म्हणतील, घरचं ऑफिसात आणते."

पोरगा तिकडं बर्फात आहे. वैशाली रोज सकाळी फाटकाशी थांबते. मला वाटायचं, रिक्षासाठी. पण रिक्षा येते तरी जरा थांबतेच.

मी रजा संपवून एसटीत बसलो की मागं बघायचो नाही. बघितलं असतं तर उतरलो असतो. त्यामुळं माझ्यामागं हौसा कशी उभी राहायची, ते मला कधी दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं काढलं. वैशालीला म्हटलं, "बस इथं." किल्ला पडायलाच आला होता. मी वेढा उठवला.

"मामा, हरताय तुम्ही!"

"गप. बग."

पलटण डोंगर उतरली, नदी ओलांडली. गावाच्या वाटेवर ती बाई उभी. माणसं जवळ आली तसा तिनं डोळ्यांवरचा हात खाली घेतला, पदर खोचला आणि घरात गेली. घरातनं चुलीचा धूर निघाला.

"हे कवा केलंस?"

"आत्यांनी सांगितलं होतं. तुम्ही पलटण कधी परत आणलीच नाही."

मी तिचा फोन तिच्यापुढं सरकवला. मग म्हटलं, "साहेबाला फोन लाव."

"साहेब, मी वैशालीचा सासरा. हवालदार. त्या बाईला काम न्हाई म्हनता? पलटणीला परत कुटं जायचं ते तिच्यामुळं कळतं. न्हाईतर तुमचा किल्ला घेऊन काय करायचा?"

 मग साहेब म्हणाला, "राहू द्या बाई. पण बाबा, हत्ती का नाही घेत हो तुम्ही?"

"वैरण कमी करा, घेतो," म्हटलं.

वैशाली डोळे पुसत हसत रिक्षात बसली. मी फाटकाशी गेलो. एक हात आपोआप कमरेवर गेला, एक डोळ्यांवर. हौसा सगळं उरकून उभी राहायची. माझी भांडी तशीच पडली होती. पण रिक्षा वळेपर्यंत उभा राहिलो.