द्वारकाबाई आत्यांचे घरी एकादशीस केळवण जाहले त्याची हकीकत

श्रीकुलस्वामिनीचे स्मरण करोन, समईची वात पुढे सारोन, जे देखिले आणि जे विश्वासू बायकांचे तोंडून ऐकिले तेवढेच लिहिते. पदरचे तिखटमीठ घातले नाही. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, माघमास. ते समयी एक राज्य होते. नाव लिहावे तर दोन्ही घरचे लोक रुसतील, म्हणोन लिहीत नाही. त्या राज्यात ऋजुता नामे कन्या होती. मातोश्रींची चाकरी बदलीची, म्हणोन कन्या चौथे वर्षापासोन आत्यापाशी वाढली. आत्या द्वारकाबाई, दोन खोल्यांच्या धनीण, बोलणे हळू, व्रत कडक. एकादशीस त्यांचे शेगडीवर तीस वर्षांत धान्य चढले नाही. एके दिवशी देवळाच्या पायरीवर बाईंचा पाय मुरगळला. पाठीमागे निनाद नामे तरुण, पाण्याच्या खात्यात इंजिनेर, उभा होता. त्याने रिक्षा करोन बाईंस घरी पोहोंचविले, आणि दार ऋजुतेने उघडिले. मग निनादराव दुसरे दिवशी पायाची चौकशी करावयास आले, आणि चौथे दिवशी आले, आणि मग येतच राहिले. पाय दीड महिन्यात बरा जाहला, चौकशी अकरा महिने चालली. बाई सर्व उमजोन होत्या. उभयता बोलत बसली म्हणजे त्या जपमाळ घेऊन गॅलरीत जात, आणि जी माळ दहा मिनिटांत होत असे तिजला तासभर लागो लागला. अखेर एके दिवशी बाई म्हणाल्या, "निनाद, माझा पाय आता धावायलासुद्धा तयार आहे. तू काय ते एकदा घरी सांग."

मग निनादरावांनी घरी सांगितले, आणि पत्रिका पाहिल्या, आणि ज्या गोष्टी आधीच ठरल्या होत्या त्या वडीलधाऱ्यांनी नव्याने ठरविल्या, आणि साखरपुडा थाटात जाहला. ते समयी बाईंनी एकच मागणे मागितले. "मला साडी नको, मान नको. दोघांनी माझ्याकडे केळवणाला या. पण देवक बसायच्या आत." कारण देवक बसलियावर वधूवरांनी दुसरे घरचे अन्न घेऊ नये, हा रिवाज. ऋजुता म्हणाली, "आत्या, पहिलं केळवण तुझंच." निनादरावांनी मान डोलाविली. तारीख ठरली, बाईंनी पुरणाची डाळ निवडोन ठेविली.

पुढे राज्याचा कारभार तन्वीबाई नामे सोहळेकारभारणीचे हाती गेला. बाई हुशार, हाती काचेची पाटी, कानात यंत्र, आणि त्या दिसण्यात आपणांशी बोलत असोन वास्तविक दुसऱ्याच कोणाशी बोलत असत. त्यांनी दोन्ही घरांस सुनाविले की नुसते लग्न आता कोणी करीत नाही. मग संगीत नामे विधी ठरला. हा विधी आमचे राज्यी पूर्वी नव्हता, उत्तरेकडोन पाहुणा आला आणि आला तो राहिला. त्याचे तालमीसाठी नाचाचे गुरुजी आले, आणि वराचे थोरले काका, ज्यांनी उभ्या जन्मात आरतीसही टाळी धड वाजविली नाही, ते गुडघ्यास पट्टा बांधोन नाचो लागले. तालीम नेमकी द्वारकाबाईंचे तारखेस पडली, सबब केळवण पुढे गेले. मग मेंदीची रंगीत तालीम निघाली, केळवण आणखी पुढे गेले. मग वधूवरांची नावे जोडोन एक शब्द बनवावा, आणि तो सर्वांनी छबीखाली लिहावा, ऐशी मसलत बसली. ती तीन दिवस उठली नाही, त्यात तिसरी तारीख गेली. मध्यंतरी मोठमोठ्या आप्तांची सतरा केळवणे मात्र बिनबोभाट पार पडली, कारण त्यांचे घरी नाही गेले तर सात पिढ्या बोलणी ऐकावी लागती. द्वारकाबाई काही बोलत नसत, म्हणोन त्यांचे पुढे ढकलणे सोपे होते. अठरावे ताटाचे भयाने निनादराव ताक पिऊन राहत, आणि जे कोणी पुसेल त्यास "हो" म्हणत. ऋजुतेने विचारिले, "आत्याकडे कधी जायचं?" त्यासही ते "हो" म्हणाले. ते ऐकोन ती दोन दिवस त्यांशी बोलली नाही.

अखेर देवकापूर्वी एकच दिवस मोकळा उरला. तन्वीबाईंनी पाटी पाहिली आणि द्वारकाबाईंस फोन केला. "आत्या, परवा दुपारी एक ते दोन तुमचा स्लॉट."

"परवा एकादशी आहे ग."

"ती किती वाजता संपते?"

बाई म्हणाल्या, "दुसऱ्या दिवशी."

"दुसऱ्या दिवशी देवक आहे. मग परवाच धरू ना?"

"बरं," बाई म्हणाल्या. इतुके मोठे राज्य, दोन्ही घरी पंचांगे भिंतीस टांगलेली, परंतु तिथी पाहण्याचे कोणाचे मनात आले नाही.

एकादशीस पहाटे फौज छब्यांचे मोहिमेवर धरणाकडे कूच जाहली. कन्येस विलायती झगा चढविला, त्यास पंधरा हातांची शेपटी. धूर सोडावयास दोघे, झगा उचलावयास दोघी, आणि डोक्यावर भुणभुणणारे यंत्र. छबीकाराने पुसिले, "तुमची पहिली भेट कुठे झाली?"

निनादराव म्हणाले, "देवळाच्या पायरीवर. आत्यांचा पाय मुरगळला होता."

"ते नाही चालणार, सर. आपण असं करू, मॅडम पाण्याकडून धावत येतील आणि तुम्ही त्यांना पहिल्यांदा बघाल."

मग कन्या पाण्याकडोन धावली, आणि वराने तिजला पहिल्यांदा पाहिले. ऐसे एकुणीस वेळा पाहिले. एक वाजला, दोन वाजले. छबीकार म्हणे खरा उजेड पाचास येतो. वरमाय छत्रीखाली बसोन म्हणाल्या, "आत्यांना कळवा, लग्नानंतर सावकाश या म्हणावं. त्या काही मनाला लावून घेणाऱ्यातल्या नाहीत."

तेव्हा ऋजुता झगा मुठीत धरोन निनादरावांपुढे उभी राहिली. "तिने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नसेल. आपण जेवल्याशिवाय ती तोंडात काही घालायची नाही. तुला 'हो' सोडून दुसरं काही येत असेल तर आज बोल."

भाड्याची एक जुनी उघडी मोटार तेथे होती, ती केवळ रेलोन उभे राहावयासाठी आणिली होती. निनादरावांनी कन्येस तीत बसविले, शेपटी मागचे बाकावर कोंबिली, आणि मोटार चालू केली. तन्वीबाई धावत म्हणाल्या, "सर, ती चालवायची नाहीये." तोवर मोटार घाट उतरली होती.

चार वाजता उभयता बाईंचे दारी पोहोंचली. आत पाहतात तो पाट मांडिलेले, ताटांभोवती रांगोळी, आणि शेगडीवर भात, वरण, पुरणपोळ्यांची चळत. ऋजुता उंबऱ्यातच थबकली. "आत्या, आज? तू?"

"केळवणाला मुलांना उपासाचं घालू होय? मी खाणार नाही. सकाळीच देवाला सांगितलं."

"काय सांगितलंस?"

"म्हटलं, तीस वर्षं तुझं ऐकलं, आज पोरांसाठी शिजवते. त्यावर तो काही बोलला नाही."

निनादरावांनी कोपऱ्यात झाकलेली लहान पातेली पाहिली. "आत्या, त्यात काय आहे?"

"माझी भगर. आणि दाण्याची आमटी."

"मग आम्हाला तेच वाढा. सतरा घरी जेवलो. वाढणारे आग्रह करून उभे राहिले, आमच्याबरोबर बसलं कोणी नाही. तुम्ही आमच्याबरोबर बसा."

"अरे, केळवणाला भगर कशी वाढू? लोक काय म्हणतील?"

"लोक धरणावर आहेत," ऋजुता म्हणाली, आणि झगा गुडघ्यांपाशी आवरोन पाटावर बसली.

मग बाईंनी आपले वाटणीचे तिघांत वाटिले. घास लहान होते. पहिला घास घेतलियावर कन्येस रडे आले, ते तिने आमटी तिखट आहे म्हणोन सांगितले, आणि बाईंनी साखर पुढे केली.

इतुक्यात पाठलागाची फौज आली. वरमाय, कन्येच्या मातोश्री, तन्वीबाई आणि छबीकार दारात दाटले. वरमाय ताटे पाहोन म्हणाल्या, "अहो, नवरानवरीच्या पानात भगर? आणि पोळ्या झाकून ठेवल्यात?"

बाई उठोन हळूच म्हणाल्या, "विहीणबाई, दमून आलात. बसा ना. एकादशीचं अन्न शिजलंय, वाया गेलं तर मला दोनदा पाप लागेल."

धरणावर कोणी जेवले नव्हते. वरमाय आधी बसल्या. मातोश्री नणंदेकडे न पाहता पाने मांडू लागल्या आणि म्हणाल्या, "वन्सं, तारीख मी बघायला हवी होती." बाई म्हणाल्या, "तूप वाढ त्यांना." तन्वीबाई मैदा, साखर, तूप वर्ज्य करीत असत, त्यांनी तीन पोळ्या घेतल्या आणि कानातले यंत्र काढोन पाटाखाली ठेविले.

सारांश, दुसरे दिवशी देवक बसले, बाईंनी द्वादशीस पारणे केले, लग्न यथासांग जाहले. सोहळ्याच्या छब्या चार हजार निघाल्या. त्यांत धरणाकाठची पहिली भेट, जी कधी जाहलीच नाही, तिच्या एकशेबारा आहेत. केळवणाची एकही नाही, कारण ते समयी छबीकाराचे दोन्ही हात तुपात होते.