आबा डॉक्टरांचा वस्तरा

टेंभी नाक्यावर आमच्या शेजारी राहणाऱ्या आबा डॉक्टरांकडे विलायती वस्तरा होता आणि दाढी छातीपर्यंत रुळत होती. दाढीला लावला तर धार जाते, म्हणायचे. वस्तरा होता गाजरासाठी! पोखरलेल्या गाजरात रोग्याच्या गाठीचा तुकडा बसवायचा, दोन्हींचा मिळून पातळ पापुद्रा कापायचा आणि भिंगाखाली धरायचा. बाजारात ते एकेक गाजर असं पारखून घेत, की भाजीवाली विचारायची, "डॉक्टर, भाजी करायचीय की सोयरीक?"

काहीही विचारा, उत्तर एकच. "पाहिल्याशिवाय बोलायचं नाही." पाऊस येईल का म्हटलं तरी हेच. मला या माणसाचा भारी राग यायचा.

माझा धाकटा भाऊ विष्णू कोपरीच्या मिठागरावर देखरेखीला होता. खाऱ्या पाण्यात पाय चिरायचेच, म्हणून त्याच्या पोटरीवरच्या जखमेकडे आम्ही कुणीच लक्ष दिलं नाही. ती फुगत गेली, जांघेत गाठी आल्या. सरकारी दवाखान्यातल्या साहेबांनी नुसत्या नजरेने सांगितलं, "कार्सिनोमा. कातडीचा कर्करोग. जांघेत पोचलाय, आता कापून उपयोग नाही. घरी न्या."

आबांनी जखमेचा तुकडा मागून घेतला आणि दार लावून बसले. तुकडा आधी दारूत घट्ट व्हायला हवा, म्हणे! इकडे विष्णू तापाने फणफणत होता. मी त्यांच्या दारावर धडका दिल्या.

"अहो, माणूस चाललाय आणि तुम्ही गाजरं कसली चिरताय?"

"पाहिल्याशिवाय बोलायचं नाही!" आतून आवाज आला.

शेवटी एका सकाळी ते धावतच आले. "पाय कापा! आजच!" चेहरा असा, की जणू मुलगा झाल्याची बातमी आणलीय.

"हा सार्कोमा आहे. कर्करोगच, पण कातडीतून नाही, आतल्या मांसातून उठलाय. असला क्वचितच दिसतो, आणि सहसा जांघेत जात नाही. त्या गाठी जखमेच्या पुवाने सुजल्यात. पाय गेला तर माणूस राहील."

"नक्की?"

त्यांची दाढी थरथरली. "रोगाचं नाव नक्की. माणूस... राहील असं मला वाटतं." न पाहता ते एवढं प्रथमच बोलले.

साहेबांनीही भिंगातून पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि भूल द्यायला क्लोरोफॉर्म मागवलं.

पाय गेला, विष्णू वाचला. पण शुद्धीवर येताच विव्हळू लागला, "अंगठा ठणकतोय! त्याच पायाचा!" त्याची बायको तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

आबा पलंगाच्या कडेला टेकले. "कुठे? इथे?"

"जरा खाली."

आबांनी हात खाली सरकवला आणि नुसत्या चादरीवर, जिथे काहीच नव्हतं तिथे, हळूहळू अंगठा चोळू लागले. विष्णूला झोप लागली तरी त्यांचा हात थांबला नाही.