क्रमांक चारचा ताबा

निवारा हा प्रत्येक जिवाचा जन्मसिद्ध हक्क आहे. हे वाक्य आमचे शेजारी मुरलीधरनाना यांनी माझ्या भिंतीला ड्रिल लावताना उच्चारलं. त्यावर विचार करून मी होकार देईपर्यंत दोन भोकं पडली होती.

नाना दीपनगरच्या वीजकेंद्राच्या वसाहतीत क्वार्टर-वाटपाचे कारकून होते. निवृत्तीनंतर जळगावात आमच्या शेजारी घर बांधून राहिले. वाटप थांबलं नाही, फक्त अर्जदार बदलले. जुन्या कूलरचा पत्रा कापून त्यांनी चिमण्यांसाठी सात पेट्या केल्या, पिवळा रंग दिला, काळ्या रंगात ठसठशीत क्रमांक टाकले आणि त्यांच्या घराकडे तोंड करून असलेल्या माझ्या भिंतीवर एका रांगेत ठोकल्या.

"नाना, लाकडाच्या करायच्या होत्या," मी म्हणालो.

"वाळवी लागते, सर. बांधकाम पक्कं पाहिजे."

"आणि ही पश्चिमेची भिंत. दुपारभर ऊन. मे महिन्यात या पत्र्यावर पापड भाजेल. पुस्तकात तर लिहिलंय, तोंड उत्तरेला हवं."

"ती पुस्तकं लिहिणारे जळगावात राहत नाहीत, सर. जागा हीच."

या 'जागा हीच'वर अपील नव्हतं. नानांच्या कोणत्याच निर्णयावर नसायचं. नोकरी संपली की क्वार्टर सोडायची नोटीस त्यांनी अनेकांना दिली आणि शेवटी स्वतःलाही दिली, स्वतःच्याच सहीनं. पोचही घेतली, असं म्हणतात.

दर रविवारी नऊ वाजता तपासणी असे. भिंत माझी, म्हणून शिडी मी धरायची. नाना वर चढत, प्रत्येक पेटीवर बोटानं टकटक करत, उत्तराची रीतसर वाट पाहत आणि मग झाकण उघडत. वरून पुकारा होई, "एक, रिकामं. दोन, रिकामं." मी एका हातानं शिडी धरून दुसऱ्या हातानं रजिस्टरमध्ये लिहायचं. तीस वर्षं कॉलेजात भाषा शिकवून शेवटी माझ्या वाट्याला एकच शब्द आला.

दुसरे अर्जदार आले नाहीत असं नाही. एका साळुंकीनं क्रमांक दोनमध्ये डोकं घालून पाहिलं. "तुझ्या टाइपचं नाही हे," नाना तिला म्हणाले. खारीनं सहामध्ये काथ्या आणून टाकला. तिला तीन दिवसांची मुदत शिडीवरून वाचून दाखवण्यात आली. चौथ्या दिवशी काथ्या काढून नानांनी तो कुंपणाशी नीट घडी करून ठेवला. सामान जप्त करायचं नसतं, ते म्हणाले.

असे दोन उन्हाळे गेले. तिसऱ्या फाल्गुनात मात्र खरोखरच चिमण्यांचं एक जोडपं आलं. शुक्रवारी क्रमांक चारमध्ये काड्या गेल्या, शनिवारी कापूस गेला. रविवारी मी शिडी धरायला नकार दिला.

"नाना, एवढा एक रविवार सोडा."

"मी साहेबांच्या बंगल्याची तपासणी सोडली नाही, सर."

त्यांनी स्वतःच शिडी लावली. टकटक झाली. चिमणी त्यांच्या कानाजवळून भुर्रकन गेली आणि तिच्यामागे चिमणा गेला. दोघं परत आले नाहीत. सोमवारी नाना तळहातावर तांदळाची कणी घेऊन भर दुपारपर्यंत भिंतीखाली उभे होते. त्यानंतर तपासणी बंद झाली. रजिस्टर माझ्याकडे आलं नाही. नाना मला दिसले की दुसरीकडे बघत.

नानांच्या पत्नी, आमच्या अक्का, भडगावकडच्या. चार वर्षांपासून अर्धांगवायूनं अंथरुणावर आहेत. हे मला माहीत होतं, पण जाणं-येणं ओसरीपर्यंतच. वैशाखात एके दिवशी गादी उलटायला नानांनी हाक मारली. गादी उलटून झाल्यावर दम खायला मी अक्कांच्या उशाजवळच्या स्टुलावर टेकलो आणि सहज समोर पाहिलं.

खोलीला एकच खिडकी होती. तिच्यात माझी भिंत होती आणि भिंतीवर सात पिवळ्या पेट्या, क्रमांकासकट. बाकी काही दिसत नव्हतं. आभाळसुद्धा नाही.

चादर खोचता खोचता नाना फाइल वाचावी तसे बोलायला लागले.

"दीपनगर सोडलं तेव्हा मीटरच्या फळीमागं चिमणीची पिल्लं होती. ही म्हणाली, पंधरा दिवस थांबा. मुदतवाढ देणारा मीच होतो. दिली नाही. नियमात बसत नव्हती. खिडक्या लावल्या, कुलूप घातलं, चावी जमा केली. रजिस्टरला लिहिलं, रिकामं." त्यांनी उशी सरळ केली. "अख्ख्या नोकरीत तेवढीच खोटी नोंद, सर."

अक्का भिंतीकडे बघत होत्या. हे त्यांनी ऐकलं की नाही, कळलं नाही. ऐकलं असेल तर ते पहिल्यांदा नसावं.

उन्हाळाभर पेट्या तापत राहिल्या. अक्कांची नजरही अधू होत गेली. क्रमांक वाचता येईनात, नुसता पिवळा रंग कळे. श्रावणात एका सकाळी त्यांनी खिडकीकडे हात हलवून नानांना हाक मारली. चारजवळ काहीतरी हलत होतं, आत जात होतं, बाहेर येत होतं.

"उनी का चिडी?" त्यांनी अहिराणीत विचारलं, चिमणी आली का म्हणून.

नानांनी शिडी आणली. मी धरली. टकटक त्यांनी केली नाही. झाकण बोटभर उचललं आणि आत बघत राहिले, बराच वेळ. मग झाकण हळूच ठेवून खाली उतरले. उजवा अंगठा त्यांनी मुठीत धरला होता. तो सुजायला लागला होता.

खिडकीशी जाऊन ते अक्कांच्याच बोलीत म्हणाले, "उनी. दोन जण शेतस."

अक्का अर्ध्या चेहऱ्यानं हसल्या. "आते शिडी लावू नका," म्हणाल्या.

"नही लावत."

दुपारी नाना रजिस्टर घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसले. अंगठ्याला चुना लावला होता. सुजल्या अंगठ्यानंच त्यांनी लिहिलं, 'क्र. ४. ताबा दिला.' खाली सही केली आणि साक्षीदार म्हणून माझी घेतली.

"नाना," मी म्हणालो, "संध्याकाळी जरा धूर करावा लागेल."

"नियमात बसत नाही, सर. ताबा दिलेला आहे."

क्रमांक चारमध्ये गांधीलमाश्यांचं पोळं आहे. आमच्या त्या बाजूच्या खिडक्या श्रावणापासून बंद आहेत.