भुताला हसायचं नाय

आमच्या शेजारच्या बापूंच्या घरात टीव्हीवर भूत आलेलं असताना हसायला सक्त मनाई आहे. मध्येच बोललं तर चालतं, शिंकलं तर चालतं, हातातला कप फुटला तरी बापू हूं की चूं करत नाहीत. हसलं की मात्र ते सिनेमा थांबवतात, दाराकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "मास्तर, भुताला हसायचं नाय. चपला बाहेर आहेत."

हा कायदा मला पहिल्याच भेटीत समजला. रत्नागिरीत मांडवीला राहायला येऊन आम्हाला आठवडा झाला होता. विहिरीवरचा पंप बिघडला म्हणून मी बापूंकडे पाना मागायला गेलो. दुपारचे दोन वाजलेले. पडद्यावर एक हडळ चिंचेवरून खाली उतरत होती आणि तिच्या मनगटावर घड्याळ होतं. मी हसलो. पाना न घेताच बाहेर आलो, आणि पुढचे दोन दिवस आम्ही नवरा-बायको विहिरीतून कळशीने पाणी ओढत होतो.

बापूंनी जन्मभर बंदराजवळच्या बर्फाच्या कारखान्यात यंत्रं सांभाळली. कारखान्यातून निवृत्त झाले, पण हातपाय काही निवृत्त झाले नाहीत. माणूस एका जागी दोन मिनिटं टिकत नाही. बोलता बोलता आपल्या खुर्चीचे स्क्रू तपासतील. सिनेमा तर ते उभ्यानेच बघतात, तोही चालत. टीव्हीपासून दारापर्यंत जायचं, दारापासून टीव्हीपर्यंत यायचं. आपण बसलेले असलो की दर मिनिटाला भुतासमोरून बापू जातात आणि कधी कधी भुतापेक्षा तेच जास्त दचकवतात.

मोठे सिनेमे त्यांना वर्ज्य. ज्याचं पोस्टर गावभर लागतं तो सिनेमा त्यांच्या हिशेबी बाद. त्यांना लागतात हौशी पोरांनी मागून आणलेल्या कॅमेऱ्यावर, कुणाच्या तरी मामाच्या बंगल्यात काढलेले सिनेमे. भुताचे, नाहीतर मारामारीचे. ते इंटरनेटवर कुठल्या कोपऱ्यात पडलेले असतात देव जाणे, पण बापू ते हुडकून काढतात, खिडक्यांना आंब्याच्या पेट्यांवरची जुनी गोणपाटं लावतात आणि दुपारी अख्खी रत्नागिरी जेवून आडवी झाली की अंधार करून खेळ सुरू करतात. त्या किंकाळ्यांत मला घरी झोप लागेना, म्हणून मी तिकडे जाऊन बसायला लागलो. सवय लागली कधी ते कळलं नाही.

खेळाआधी गाऱ्हाणं. आमच्याकडे कुठल्याही कार्याला एकाने देवापुढे मागणं मागायचं आणि जमलेल्यांनी 'होय महाराजा' म्हणायचं, ही रीतच आहे. बापू टीव्हीसमोर हात जोडून उभे राहतात. "बा देवा महाराजा, ह्या लेकरांनी जो काय सिनेमा केला असेल, त्यात काय उणंदुणं राहिलं असेल, मधेच लाइट गेली असेल, आवाज फाटला असेल, ते पदरात घे. आणि बघणाऱ्याला भीती वाटू दे रे महाराजा." जमलेला मी एकटाच असतो. मी म्हणतो, "होय महाराजा."

मग बापू सिनेमा दाखवतात, म्हणजे त्यातली मेहनत दाखवतात. "बघा मास्तर, हा गुंड. मघाशी टोपी घालून मेला, आता मिशी लावून मरतोय. तिसऱ्यांदा गोडाऊनवरून पडेल बघा. माणूस एक, पण अंग किती मोडून घेतोय." रक्त कोकमाच्या आगळाचं आहे की लाल शाईचं, हे ते रंगावरून सांगतात. आगळाचं असेल तर त्यांना समाधान वाटतं, तोंडात गेलं तरी पोराला बाधणार नाही म्हणून. आणि शेवटची नावं. सिनेमा संपल्यावर जी नावं भराभर वर सरकतात ती बापू मोठ्याने वाचतात, चहावाल्यापर्यंत. एकही नाव चुकलं तर मागे घेऊन पुन्हा. तोवर मला उठायची परवानगी नसते.

त्यानंतर एका बोटाने सिनेमावाल्यांना अभिप्राय लिहितात. मजकूर ठरलेला. 'आपला सिनेमा बघितला. फार घाबरलो. बापू, रत्नागिरी.'

"बापू, तुम्ही तर जरासुद्धा घाबरला नाहीत," मी एकदा म्हणालो. "मुलांना खोटं का लिहिता?"

"तुम्ही नापास पोरालासुद्धा एक-दोन मार्क वाढवून देता ना?" बापू म्हणाले. गणित शिकवणाऱ्याला हे तोंडावर ऐकावं लागलं. आणि ते खरं होतं.

गेल्या चैत्रात मात्र बापूंचं काहीतरी बिनसलं. गाऱ्हाणं नाही, खेळ नाही. अंगणातल्या येरझाऱ्या वाढल्या. नीट चाललेला नळ त्यांनी खोलून ठेवला. आणि एका दुपारी त्यांच्या घरातून किंकाळी आली. थोड्या वेळाने दुसरी. खिडक्या तर सताड उघड्या होत्या, म्हणजे सिनेमा नव्हता. आमच्या हिने मला अक्षरशः ढकललं, "जाऊन बघा आधी, पडलेबिडले असतील."

धावत गेलो तर बापू आरशासमोर उभे. गळ्याभोवती पंचा, समोर हळद घातलेलं दूध.

"काय ओ मास्तर, खरी वाटली काय?"

"काय खरी वाटली?"

"किंकाळी."

मी डोक्याला हात लावून बसलो. बापू चक्क माझ्यासमोर खुर्चीवर बसले, तेव्हाच मला कळलं की प्रकरण गंभीर आहे.

बापूंना मंदार नावाचा मुलगा आहे आणि तो मुंबईत असतो, एवढंच मला ठाऊक होतं. मंदार सिनेमे काढतो हे त्या दिवशी समजलं. त्याने पहिला सिनेमा काढला तो भुताचा. बापूंची बायको वारल्याला तेव्हा वर्ष झालं होतं. पहिला खेळ त्याने हौसेने रत्नागिरीत लावला. हॉल भरलेला, बापू पहिल्या रांगेत. दिवे गेले, भूत आलं, आणि भुताच्या अंगावर हिरवी चौकड्यांची साडी. मंदारची आई दर गौरीला नेसायची ती.

"मला काय झालं सांगू काय," बापू म्हणाले. "वर्षाने ती साडी उभी बघितली हो. घडीतली नाय, नेसलेली. मी उठून ओरडलो, अरे, ही तर आपल्या हिची साडी. आणि हसलो. आनंदाने हसलो मी, मास्तर. पण हॉलला काय ठाऊक? अख्खा हॉल हसला. मग भूत आलं की हसायचं, असंच चाललं शेवटपर्यंत. पोर मागे भिंतीला टेकून उभा होता."

मंदार त्याच दिवशी मुंबईला गेला. साडी धुवून, घडी करून पार्सलने परत पाठवली, सोबत चिठ्ठीसुद्धा नाही. त्याला आठ वर्षं झाली. फोन येतो, जेवलात का, गोळ्या घेतल्या का. पण गणपतीलासुद्धा तो आला नाही. कोकणातला माणूस गणपतीला घरी येत नाही म्हणजे काय, ते मी वेगळं सांगायला नको.

"शेवटची नावं मी बघितलीच नाय," बापू म्हणाले. "लाजेने आधीच उठलो. पुढे कधीतरी तो सिनेमा इंटरनेटवर मिळाला तेव्हा बघितली. त्यात होतं, वेशभूषा, आई."

मी त्यांचंच हळदीचं दूध पिऊन टाकलं.

आता मंदारचा दुसरा सिनेमा आला होता आणि रविवारी सकाळी त्याच हॉलमध्ये खेळ होता. बापूंना निरोप हॉलवाल्याकडून मिळाला होता, मुलाकडून नाही. बापूंचा बेत साधा होता. भूत आलं रे आलं की मोठ्याने किंचाळायचं. खुद्द बापच घाबरला म्हटल्यावर बाकीचे कशाला हसतात? "पण मला माझा भरवसा नाय. तुम्ही शेजारी बसा. हसू येतंय असं दिसलं की चिमटा काढायचा. चांगला सणसणीत."

रविवारी आम्ही खेळाच्या तासभर आधी जाऊन बसलो. बापूंचे पाय खुर्चीखाली चालतच होते. हॉल तीन-चतुर्थांश भरला. मागच्या बाजूला काही मंडळी अशी होती की हसायलाच आल्यासारखी वाटत होती. मंदार मागे भिंतीला टेकून उभा होता, दाढी वाढलेली. त्याने आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. दिवे गेल्यावर बापू पुटपुटले, "बा देवा महाराजा." पुढचं त्यांना सुधरेना. मी आपलं हळूच 'होय महाराजा' म्हणून टाकलं.

सिनेमा काय होता म्हणाल तर तोच, मामाचा बंगला. पाऊस पाइपने पाडलेला, कारण पावसात ऊनही होतं. मागे खसखस पिकायला लागली होती. पडद्यावरचा मुलगा भिजत मागच्या दाराशी आला, दार वाजवायला लागला, "आई, दार उघड. आई, मी आलोय."

बापूंचे खांदे हलायला लागले.

झालं, मी मनात म्हणालो. हसले. आणि वर्गातल्या पोरांवर इतकी वर्षं जो वापरायचा मोह आवरला होता, तो चिमटा मी त्यांच्या दंडाला काढला.

बापूंनी जी किंकाळी फोडली, तिच्यापुढे आरशासमोरची तालीम काहीच नव्हती. पुढच्या रांगेतल्या बाई किंचाळल्या, त्यांच्या मागून आणखी चार जण किंचाळले, आणि नेमकं तेव्हाच पडद्यावरचं दार उघडून भूत बाहेर आलं. भूत यथातथाच होतं. पण हॉल आधीच गारठला होता. मागची मंडळीसुद्धा चूप झाली. त्यानंतर शेवटपर्यंत कुणी हसलं नाही.

मी बापूंकडे बघितलं. त्यांचे गाल ओले होते. ते हसत नव्हतेच. हातून असा मूर्खपणा झाल्याची मला अजून लाज वाटते.

दिवे लागले तरी बापू उठले नाहीत. नावं वर सरकत होती आणि ते एकेक नाव मोठ्याने वाचत होते, रिकाम्या होत जाणाऱ्या हॉलमध्ये. शेवटचं नाव वाचून झालं तेव्हा मंदार रांगेच्या टोकाला येऊन उभा होता.

"बाबा, खरंच घाबरलात?"

"घाबरलो तर," बापू दंड चोळत म्हणाले. "विचार मास्तरांना."

मुलांना खरं बोलायला शिकवण्यात माझं आयुष्य गेलं. मी म्हणालो, "होय महाराजा."

मंदार खुर्चीच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "या वेळी आईची साडी नव्हती."

"बघत होतो," बापू म्हणाले. "सिनेमाभर तिचीच वाट बघत होतो मी. दार उघडलं तेव्हासुद्धा."

झाडूवाला आत आला आणि आमच्याकडे बघून पुन्हा बाहेर गेला.

"कपाटात आहे," बापू म्हणाले. "तुझ्या पार्सलातून काढलीच नाय. तशीच आहे."

"आता काढा," मंदार म्हणाला. "थोडं ऊन दाखवा. गणपतीला येईन तेव्हा नेतो."

बापूंनी मान हलवली. मग मंदारला बसायला जागा हवी म्हणून ते शेजारच्या खुर्चीवर सरकले, आणि तिथे हात मांडीवर ठेवून, पाय जमिनीला टेकून, स्वस्थ बसून राहिले.